आजीवरचा ठपका

मला लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी सांगणाऱ्यांचीच चांगली झाडाझडती घेतली होती. म्हटलं, छत्तीस वर्षं मी तापाचे तक्ते भरले, आता म्हातारपणी निबंध लिहायला लावता काय? पण आमच्या हॉस्पिटलच्या हल्लीच्या मोठ्या डॉक्टरीणबाई भलत्या चिवट आहेत. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण एकदा मनात घेतलं की सोडत नाहीत. जुनी इमारत पाडायची आहे, शेजारी नवी पाच मजली उभी राहिली आहे, आणि पाडण्याआधी मुलांच्या हॉस्पिटलचा इतिहास आणि जुन्या पेशंटांच्या आठवणी असं एक पुस्तक काढायचं त्यांनी ठरवलं. जुन्या लोकांपैकी धडधाकट मीच उरले होते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

जुनी इमारत म्हणजे मुळात सांगलीच्या एका व्यापाऱ्याचं हळदीचं गोदाम. ते भाड्याने घेऊन दोन डॉक्टरांनी मधे भिंती घातल्या, बारा खाटा टाकल्या आणि मिरजेत हे हॉस्पिटल सुरू केलं. मी नोकरीला लागले तेव्हा खाटा चाळीस झाल्या होत्या, पण पावसाळ्यात भिंतींना ओल आली की वॉर्डभर हळदीचा वास सुटायचा. बायाबापड्या पोरांना घेऊन तासगाव, विटा, खटाव, पार कर्नाटकातून यायच्या. रात्री व्हरांड्यात पसरायच्या आणि सकाळी मागच्या चिंचेखाली तीन दगड मांडून भाकऱ्या भाजायच्या. जवळच्या गल्लीतला एक सतार करणारा कारागीर तडकलेले भोपळे आमच्याकडे पाठवून द्यायचा आणि प्लास्टरमधली पोरं पडल्या पडल्या ते बडवत बसायची. डोकं नुसतं उठायचं. त्या कारागिराला मी दोनदा सांगितलं की बाबा, तुझं दान पुरे, तर तो हसून आणखी दोन भोपळे द्यायचा.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर जुन्या पेशंटांचा एक ग्रुप काढला आणि तिथे आठवणींचा पाऊस पडायला लागला. साखर कारखान्यातल्या एका साहेबाने लिहिलं की कडू गोळ्या तो गिळायचाच नाही, प्लास्टरच्या आत ढकलायचा. हे मला पक्कं आठवत होतं, कारण ते प्लास्टर कापताना मीच उभी होते. आतून गोळ्या टपाटपा पडल्या आणि मी साहेबाचा कान असा पिळला होता की बास. एका पोलीसबाईंना चिंच अजून आहे का एवढंच हवं होतं. मी दुपारी जेवणं आटोपली की चष्मा लावून हे सगळं वहीत उतरवून घ्यायची. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायला लागली होती. एकटीच हसत बसायची.

अशाच एका दुपारी त्या बाईचा आवाजी निरोप आला. वडूजकडच्या एका गावातली, आता अंगणवाडी चालवणारी, पंचेचाळिशीची बाई. आवाज खणखणीत. लहानपणी पोलिओने तिचा उजवा पाय आखडला होता, टाच जमिनीला टेकत नव्हती. सहा वर्षांची असताना आमच्याकडे ऑपरेशन ठरलं. बाहेरगावचे मोठे सर्जन सहा महिन्यांतून एकदा यायचे, त्यांच्या यादीत तिचा नंबर लागला होता. पुढचं तिच्याच शब्दांत लिहिते, कारण ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की पाठच झालंय.

"ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माझ्या आजीनं मला देवीचा प्रसाद चारला. डॉक्टर म्हणालं, हिच्या पोटात अन्न हाय, भूल देता येत न्हाई. ऑपरेशन रद्द झालं. एका सिस्टरनं माझ्या थोबाडीत मारली. मला त्यांचा राग न्हाई, त्यांचं बरोबरच हुतं. आजीनं चूक केली आन् मी जन्मभर भोगली. म्हणून माझं सगळ्या आयाबायांस्नी सांगणं हाय, डॉक्टर सांगत्यात ते ऐकत जावा."

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. लगेच त्यांचा फोन आला. म्हणाल्या, सिस्टर, हे आपण पुस्तकात पहिल्या पानावर घेऊ, आजही लोक ऑपरेशनच्या आधी गुपचूप चमचाभर दूध पाजतात, त्यांना यातून चांगला धडा मिळेल. मी बरं म्हणून फोन ठेवला. आत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या मला कळलं नाही. वरणाचा कोळसा झाला.

थोबाडीत मारणारी सिस्टर मी होते.

आणि एवढंच असतं तरी मी मुकाट्याने सोसलं असतं. माझा हात तेव्हा फार चालायचा, हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. पण त्या बाईला जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. तिच्या आजीने चूक केलेली नव्हती.

झालं होतं ते असं. पोरीची आई घरी बाळंतीण होती, म्हणून आजी नातीला घेऊन आली होती. बाप फौजेत, तो खास या ऑपरेशनसाठी रजा काढून आला होता आणि बाहेर व्हरांड्यात बसून असायचा. आजी बुटकी, काटक, हातभर हिरव्या बांगड्या, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या पोराला मांडीवर घेऊन बसलेली. इकडे यायच्या आधी ती औंधला यमाईचा डोंगर चढून नवस बोलून आली होती, आणि तिथला प्रसाद, खोबरं आणि खडीसाखर, तिने फडक्यात गाठ मारून जपून ठेवला होता. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला तिने ती गाठ सोडली. नुसत्या आपल्या नातीसाठी नाही हं. समद्याच लेकरांचं बरं हुंदे म्हणत खाटेखाटेपाशी गेली आणि ज्यांना चालत होतं त्या सगळ्या पोरांना तिने वाटला. मग मला दिला. मी हात धुवून आले, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

तेव्हा तिने मला विचारलं. स्पष्ट विचारलं. "सिस्टर, हिचं आज ऑपरेशन हाय, हिला देऊ का नगो?"

आणि मी, तोंडात खोबरं चावत, म्हटलं, "द्या की. प्रसादाला काय होतंय."

आता कुणी म्हणेल, नर्स असून एवढं कळलं नाही? कळत होतं. ऑपरेशनच्या आधी पोटात काही जाता कामा नये हे मला शिकवलेलं होतं, रात्रीच मी त्या आजीला चार वेळा बजावलंही होतं. पण प्रसाद आमच्याकडे खाण्यात धरतच नाहीत. माझी आई निर्जळी करायची आणि तरी आरती झाल्यावर प्रसादाचा कण तोंडात टाकायची, त्याने उपास मोडला असं तिला कधी वाटलं नाही. देवीचा प्रसाद आला आणि लेकराला नको म्हटलं, हे माझ्या तोंडून निघालंच नसतं. मला वाटलं चिमूटभर असेल. पण पोर रात्रीपासून उपाशी होती, तिने हात पुढे केला आणि आजीने परवानगी मिळाली म्हणून मूठभर दिलं. ते मी पाहिलं नाही, कारण मी पाठ फिरवून दुसऱ्या खाटेकडे गेले होते.

थिएटरच्या दारात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पोरीला तोंड उघडायला लावलं. दातांत खोबरं. त्यांनी तिला गोड बोलून विचारलं, तिने सगळं सांगितलं, मूठभर खाल्ला म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, सिस्टर, हे कुणाच्या देखरेखीत झालं?

माझी नोकरी नवी होती. वर्षभर कच्चीच होते, पुढच्या महिन्यात कायम करतील की घरी पाठवतील ते ठरायचं होतं. घरी माझ्या पगारावर चार माणसं जेवत होती. ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मी फक्त घाबरले आणि बोलून गेले की मी सक्त ताकीद दिली होती, माझी पाठ फिरल्यावर आजीने चोरून खायला घातलं.

तेव्हा ट्रॉलीवरची पोर म्हणाली, "सिस्टरनं बी खाल्ला."

आणि मी तिच्या थोबाडीत मारली. प्रसाद खाल्ला म्हणून नाही. ती खरं बोलत होती, पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघू नये म्हणून मारली. डॉक्टर माझ्यावर खेकसले, अहो मारता काय, लहान आहे ती. पण पोर रडायला लागली आणि बोलायची थांबली.

मग सर्जन बाहेर आले आणि त्यांनी व्हरांड्यात, सगळ्या लोकांदेखत, त्या आजीला झाडलं. म्हणाले, तुमच्या अडाणीपणापायी नातीचा जीव गेला असता. आजी हात जोडून उभी होती. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. वाटलं, आता ही बोलणार, आता सगळं बाहेर पडणार. ती काही बोलली नाही. मागे फौजी बाप उभा होता, त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. त्याने पोरीला खांद्यावर टाकलं, ट्रंक उचलली आणि तासाभरात ती तिघं निघून गेली. सहा महिन्यांनी पुढच्या खेपेला या असं कार्ड आम्ही पाठवलं. कुणी आलं नाही.

मी कायम झाले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. विसरले होते म्हणेन तर तेही खोटं होईल. दरवर्षी नव्या पोरींना शिकवताना मी प्रसादाबद्दल इतकी कडक बोलायची की त्या माझ्या मागे हसायच्या. हसोत बापड्या. पण शिकवणं वेगळं आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्यापुढे जाणं वेगळं. आता तर तो खोटेपणा पहिल्या पानावर छापून येणार होता, आणि आजी तर एव्हाना कधीच गेली असणार, तिला कुणी विचारणारही नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की हा मजकूर मला विचारल्याशिवाय छापायचा नाही, मला आधी जाऊन यायचंय. कारण विचारलं तर आल्यावर सांगते म्हटलं.

मिरजेहून विट्याची एसटी आणि विट्याहून वडूजची. वाटेत तासगावपर्यंत द्राक्षबागा, मग माळ आणि दगड. शेजारच्या सीटवरची बाई सारखी विचारत होती, मावशी, बरं वाटत न्हाई का, लिंबू देऊ का. मी तिच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं आणि मीच तिच्याकडचं लिंबू मागून घेतलं. फोनवर मी फक्त एवढंच कळवलं होतं की हॉस्पिटलकडून येते आहे, आठवण नीट लिहून घ्यायची आहे. ती स्टँडवर घ्यायला आली होती, स्वतःची स्कूटर चालवत, मागे दोन बारकी चाकं लावलेली. उतरून चार पावलं चालली तेव्हा उजवा गुडघा हाताने दाबत चालली. मला तिथूनच माघारी फिरावंसं वाटलं.

घर साधं, पत्र्याचं, पुढे अंगण. आई दोन वर्षांपूर्वी गेली, आता ती आणि वडील दोघंच. फौजी बाप आता पंचाहत्तरीचा, पण पाठ अजून ताठ. तो बाजल्यावर बसला होता. चहा झाला. ती उत्साहाने सांगत होती की सोळाव्या वर्षी साताऱ्याला ऑपरेशन केलं पण उशीर झाला होता, टाच अर्धीच खाली आली. तिथले डॉक्टर म्हणाले, लहानपणी केलं असतं तर बराच फरक पडला असता. पूर्ण बरा झाला असता का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, मीही नाही. ती म्हणाली, "लिवून घ्या की, सिस्टर."

मी वही पिशवीतून काढलीच नाही. म्हटलं, "अगं, ती मारणारी सिस्टर मीच."

ती हसली. म्हणाली की आवाजावरून मघाशीच शंका आली होती, पण त्यात काय, लहान पोरांना मार बसायचाच तेव्हा. उलट तिलाच माझी दया आली असावी, एवढ्या लांब मी माफी मागायला आले म्हणून. मी तिला थांबवलं. मग सगळं सांगितलं, सहा वाजल्यापासून, आजीने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, डॉक्टरांना काय सांगितलं आणि तिला का मारलं. काही गाळलं नाही. बोलताना रडू आवरलं, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

 मग तिने वडिलांकडे पाहिलं. म्हातारा जमिनीकडे बघत होता.

"तवापासनं माझ्या आईच्या हातचं हिला काय बी खाऊ दिलं न्हाई मी," तो म्हणाला. "रजेवर आलो की पयलं हेच बजावायचो घरात. हिचं ताट आईनं वाढायचं न्हाई, हिला घास भरवायचा न्हाई. अकरा वर्स. आई मरंस्तवर."

पोरीचा, म्हणजे त्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा, चेहरा एकदम बदलला. हे तिला माहीत नव्हतं. तिला फक्त एवढंच आठवत होतं की आजी भावाला मांडीवर घेऊन भरवायची आणि ती जवळ गेली की ताट बाजूला सारायची. ती म्हणाली, "मला वाटायचं, मी लंगडी म्हणून आजीला नकोशी झाले." आणि मग ती रडली. लहान मूल रडतं तशी, तोंड न झाकता. मी उठून तिच्याजवळ जाणार होते, पण गेले नाही. तिच्या वडिलांनीही तिला हात लावला नाही. 

रडणं थांबल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली की तिचा तो निरोप आता छापायचा नाही. छापायचंच असेल तर तुम्ही आता सांगितलंत ते छापा. आजीनं इचारलं हुतं, हे लिवा. मी हो म्हटलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही तो विषय काढला नाही. मी निघायला उठले, चप्पल घातली.

तेव्हा म्हातारा बोलला. म्हणाला की त्या दिवशी एसटीत बसल्यावर तो आईला लय बोलला होता, सगळ्या गाडीदेखत. ती खिडकीतून बाहेर बघत होती. शेवटी एकदाच तोंड उघडलं.

"म्हणाली, त्या सिस्टरला काय बोलू नगंस, तिची नोकरी नवी हाय. मला वाटलं, हिच्या थोबाडीत मारली त्याबद्दल म्हणतीया."  मग त्याने वर माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, खरोखरच विचारत होता. "आवं बाई, मग टिकली का तुमची नोकरी?"

"टिकली," मी म्हटलं.